व्हीसीआर, डीव्हीडी रेकॉर्डर आणि टीव्ही एकमेकांना कसे जोडावेत

कपाटात व्हीएचएस कॅसेट आहेत, व्हीसीआर अजून चालतोय आणि डीव्हीडी रेकॉर्डर हाताशी आहे, असं असेल तर हे काम पुढे ढकलू नका. शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेल्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. आज चालणारा व्हीसीआर उद्या बंद पडला, तर त्याच्या जागी दुसरा जुनाच शोधावा लागतो आणि सुटे भागही जुन्याच यंत्रांतून काढावे लागतात. कॅसेटमधली फीत तर नुसती पडून राहिली तरी हळूहळू खराब होते. त्यामुळे तिन्ही यंत्रं चालू स्थितीत एकत्र असणं ही संधी आहे, आणि ती वापरून घ्यायला हवी.

तारा जोडणं अवघड नाही. घोडं अडतं ते क्रमात. कोणत्या यंत्रातून काय बाहेर पडतं आणि ते कुठे शिरतं हे डोक्यात स्पष्ट नसलं, की मागच्या बाजूच्या रंगीत खाचा बघूनच गोंधळायला होतं. म्हणून आधी एक गोष्ट पक्की करू: चित्र व्हीसीआरमधून निघतं, रेकॉर्डरमध्ये जातं आणि रेकॉर्डरमधून टीव्हीवर येतं. टीव्ही नेहमी शेवटी.

हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण टीव्हीवर दिसणारं चित्र रेकॉर्डरमधून आलेलं असेल तरच डिस्कवर काय उतरतंय याची खात्री राहते. व्हीसीआर थेट टीव्हीला जोडला, कॅसेट छान दिसतेय म्हणून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि रेकॉर्डर मात्र भलत्याच इनपुटवर होता, तर दोन तासांनी हाती काळा पडदा असलेली डिस्क येते. रेकॉर्डर मध्ये असला तर ही चूक पहिल्याच मिनिटाला लक्षात येते.

मागच्या खाचा ओळखून घ्या

तिन्ही यंत्रांचे प्लग काढा आणि मागची बाजू उजेडात आणा. प्रत्येक खाचेजवळ 'इन' किंवा 'आउट' लिहिलेलं असतं. रंगाआधी हे शब्द वाचा. 'आउट'मधून निघालेली तार 'इन'मध्येच जायला हवी. 'आउट'ला 'आउट' जोडलं तर शक्यतो काही बिघडत नाही, पण काही दिसतही नाही.

पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन गोल खाचा म्हणजे आरसीए. पिवळीतून चित्र जातं, पांढरीतून डाव्या बाजूचा आवाज आणि लालमधून उजव्या बाजूचा. व्हीसीआरच्या बाबतीत बहुधा याच तीन खाचा कामाला येतात. चार बारीक पिनांची छोटी गोल खाच म्हणजे एस-व्हिडिओ. तिच्यातून चित्राची उजळ-गडद माहिती आणि रंगाची माहिती वेगवेगळ्या तारांतून जाते, त्यामुळे रंगांच्या कडा थोड्या स्वच्छ येतात. मात्र साध्या व्हीएचएस व्हीसीआरला ही खाच सहसा नसते, ती एस-व्हीएचएस यंत्रांवर सापडते. एस-व्हिडिओतून आवाज जात नाही, त्यासाठी पांढरी आणि लाल तार वेगळी जोडावीच लागते. २१ पिनांची रुंद खाच दिसली तर ती स्कार्ट. तिच्यात चित्र आणि आवाज दोन्ही असतात.

हिरवी, निळी आणि लाल अशा तीन खाचा म्हणजे कॉम्पोनंट व्हिडिओ. या तिन्ही फक्त चित्रासाठी आहेत. यातली लाल आणि आवाजाची लाल दिसायला सारखीच, म्हणून इथे हमखास घोटाळा होतो. एचडीएमआयची खाच रेकॉर्डरला असली तर ती फक्त बाहेर जाण्याची असते, तिच्यातून रेकॉर्डरमध्ये काही घेता येत नाही.

पहिली जोडणी: व्हीसीआर ते रेकॉर्डर

व्हीसीआरच्या 'आउट' गटातल्या पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल खाचांना तार लावा. तिचं दुसरं टोक रेकॉर्डरच्या 'इन' गटात, रंगाला रंग जुळवून घाला. रेकॉर्डरवर असे इनपुट बहुधा एकाहून जास्त असतात आणि त्यांना एल१, एल२ किंवा एव्ही१, एव्ही२ अशी नावं असतात. तुम्ही कोणता वापरला ते कागदावर लिहून ठेवा, कारण पुढे रिमोटवर नेमका तोच निवडायचा आहे.

अनेक रेकॉर्डरना पुढच्या बाजूला, एका झाकणाखाली, आणखी एक इनपुट असतो. तो कॅमकॉर्डरसाठी दिलेला असला तरी व्हीसीआरलाही चालतो. सगळ्या कॅसेट उतरवून झाल्यावर जोडणी काढून टाकायची असेल, तर माझ्या मते हाच सर्वात सोयीचा, मागे हात घालावा लागत नाही.

व्हीसीआर मोनो असेल तर त्याला आवाजाची एकच खाच असते. ती तार रेकॉर्डरच्या पांढऱ्या खाचेत घाला. काही रेकॉर्डर तेवढ्यावर दोन्ही बाजूंना आवाज देतात. डिस्कवर आवाज एकाच बाजूने येत असेल तर एकाच्या दोन करणारी वाय आकाराची जोडपिन घेऊन पांढऱ्या आणि लाल दोन्ही खाचा भरा.

व्हीसीआर आणि रेकॉर्डर दोघांनाही एस-व्हिडिओ असेल तर पिवळी तार काढून ती वापरा. पिवळी आणि एस-व्हिडिओ एकाच इनपुटला एकाच वेळी लावून ठेवू नका. बरेच रेकॉर्डर अशा वेळी दोघांपैकी एकालाच प्राधान्य देतात आणि आपण कोणतं चित्र पाहतोय ते कळेनासं होतं.

स्कार्ट वापरणार असाल तर आणखी एक गोष्ट बघा. साधा व्हीसीआर स्कार्टमधूनही कॉम्पोझिट, म्हणजे पिवळ्या खाचेतून जातं तसंच, चित्र पाठवतो. रेकॉर्डरच्या मेनूमध्ये त्या स्कार्टसाठी एस-व्हिडिओ निवडलेलं असेल तर चित्र कृष्णधवल दिसतं. तिथे 'व्हिडिओ' किंवा 'कॉम्पोझिट' निवडलं की रंग परत येतात.

दुसरी जोडणी: रेकॉर्डर ते टीव्ही

दोघांनाही एचडीएमआय असेल तर एकच केबल लावा, चित्र आणि आवाज दोन्हीची सोय होते. एचडीएमआय नसेल तर कॉम्पोनंट आणि सोबत पांढरी-लाल, तेही नसेल तर एस-व्हिडिओ, आणि काहीच नसेल तर पिवळी-पांढरी-लाल. या निवडीचा परिणाम फक्त तुम्हाला पडद्यावर काय दिसतं यावर होतो. डिस्कवर जे लिहिलं जातं त्याचा दर्जा व्हीसीआर ते रेकॉर्डर या तारेवर ठरतो. त्यामुळे घरात एकच चांगली, जाड आवरणाची, आखूड तार असेल तर ती तिकडे लावा.

नव्या टीव्हींवर दोन ठिकाणी अडखळायला होतं. काही टीव्हींवर पिवळी खाच वेगळी नसते, हिरव्या खाचेलाच दोन नावं दिलेली असतात. तिथे पिवळी तार हिरव्या खाचेत घालायची आणि टीव्हीवर 'एव्ही' निवडायचं. 'कॉम्पोनंट' निवडलंत तर रंग गायब होतात. दुसऱ्या काही टीव्हींना हेडफोनसारखी एकच छोटी खाच असते. तिच्यासाठी टीव्हीबरोबर आलेलीच जोडतार वापरा. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या तारांमध्ये आतल्या कड्यांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि मग चित्राच्या जागी आवाज जाऊन नुसती घरघर ऐकू येते.

अँटेना किंवा सेट-टॉप बॉक्स

फक्त कॅसेट उतरवायच्या असतील तर हा भाग सोडून द्या. टीव्हीवरचे कार्यक्रमही रेकॉर्ड करायचे असतील तर अँटेनाची तार आधी रेकॉर्डरच्या 'आरएफ इन'मध्ये, तिथल्या 'आरएफ आउट'मधून टीव्हीत अशी पुढे न्या. पण जिथे ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालंय तिथे रेकॉर्डरचा ॲनालॉग ट्यूनर काही पकडत नाही. तिथे सेट-टॉप बॉक्सचं पिवळं-पांढरं-लाल आउटपुट रेकॉर्डरच्या दुसऱ्या इनपुटला जोडा.

इथे अनेकांची एक समजूत आड येते. व्हीसीआरचं चित्र अँटेनाच्या तारेतून टीव्हीच्या एखाद्या रिकाम्या वाहिनीवर बघायची सवय असते आणि रेकॉर्डरही तसाच दिसेल असं वाटतं. बहुतेक डीव्हीडी रेकॉर्डरचं 'आरएफ आउट' फक्त अँटेनाचा सिग्नल पुढे सोडतं, स्वतःचं चित्र त्यात मिसळत नाही. त्यामुळे रेकॉर्डर ते टीव्ही ही वेगळी तार हवीच.

रेकॉर्डर व्हीसीआरमधून टीव्हीला का जोडू नये

टीव्हीला एकच इनपुट असला की रेकॉर्डरचं आउटपुट व्हीसीआरमध्ये आणि व्हीसीआरचं टीव्हीत घालायचा मोह होतो. ते टाळा. विकत मिळणाऱ्या अनेक चित्रपटांच्या डिस्कवर मॅक्रोव्हिजन नावाचं संरक्षण असतं. लागोपाठ येणाऱ्या चित्रांमधला जो भाग पडद्यावर दिसत नाही, त्यात ते मुद्दाम जोरदार स्पंदनं घुसवतं. व्हीसीआरचं आपोआप पातळी सांभाळणारं सर्किट त्याने फसतं आणि चित्र कधी अंधारतं, कधी भगभगतं. रेकॉर्डर बिघडलाय असं वाटतं, प्रत्यक्षात दोष जोडणीच्या क्रमात असतो.

याच संरक्षणामुळे विकतच्या चित्रपटांच्या कॅसेट रेकॉर्डर उतरवून घेत नाही, पडद्यावर तसा संदेश येतो. स्वतः चित्रित केलेल्या कॅसेटना ही अडचण नाही. मात्र फार झिजलेल्या घरगुती फितीतल्या विस्कटलेल्या सिग्नललाही काही रेकॉर्डर संरक्षण समजतात आणि थांबतात. अशा वेळी व्हीसीआरचं ट्रॅकिंग, म्हणजे फितीवरची नोंद नेमकी वाचली जावी यासाठीची जुळवणी, नीट करून पुन्हा प्रयत्न करावा. तरीही जमलं नाही तर मध्ये टाइम बेस करेक्टर लावणं हा खात्रीचा मार्ग. फितीवरून येणाऱ्या ओळी वेळेत थोड्या मागेपुढे होत असतात, हे उपकरण त्या पुन्हा ओळीने बसवून पुढे पाठवतं.

रेकॉर्डरचं आउटपुट व्हीसीआरच्या इनपुटला आणि व्हीसीआरचं आउटपुट रेकॉर्डरच्या इनपुटला, अशी दुहेरी जोडणीही एकाच वेळी करू नका. दोन्ही यंत्रं लाइन इनपुटवर गेली की सिग्नल गोल फिरत राहतो, चित्र भडकतं आणि आवाज किंचाळतो.

चालू करून तपासा

आता प्लग लावा. टीव्हीच्या रिमोटवर ज्या खाचेला रेकॉर्डर जोडलाय ती निवडा. रेकॉर्डरचा मेनू दिसला तर दुसरी जोडणी बरोबर आहे. मग रेकॉर्डरच्या रिमोटवर 'इनपुट सिलेक्ट' दाबून किंवा वाहिनी शून्याच्या खाली नेऊन तुम्ही लिहून ठेवलेला एल१ किंवा एल२ आणा. काही यंत्रांत इनपुट अशा वाहिन्यांच्या रांगेतच दडलेले असतात. व्हीसीआरमध्ये कमी महत्त्वाची कॅसेट घालून प्ले दाबा. चित्र आणि आवाज दोन्ही टीव्हीवर आले की साखळी पूर्ण झाली.

चित्र वरखाली सरकत असेल किंवा रंग नसतील तर कॅसेटची पद्धत तपासा. पाल पद्धतीत ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं असतात, एनटीएससीमध्ये ५२५ ओळी आणि साधारण ३०. परदेशातून आलेली कॅसेट वेगळ्या पद्धतीची असू शकते. व्हीसीआर ती वाचत असला तरी रेकॉर्डरच्या मेनूमध्येही तीच पद्धत निवडावी लागते. एकाच डिस्कवर दोन पद्धती मिसळू नका.

कॅसेटची तयारी

या टप्प्यात घाई करू नका. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे नीट बघा. कडेला पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, कारण बुरशी यंत्रात उतरते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशी कॅसेट वेगळी ठेवा आणि जाणकाराकडून साफ करून घ्या.

बरीच वर्षं न लावलेली कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळा. फितीचे चिकटलेले वेढे सुटतात आणि ताण सारखा होतो. गुंडाळताना चिरकल्यासारखा आवाज आला किंवा वेग अडखळला तर लगेच थांबवा.

चित्रावर सतत मुंग्या येत असतील आणि त्या सगळ्याच कॅसेटवर दिसत असतील तर व्हीसीआरची हेडं, म्हणजे फितीवरचं चित्र वाचणारे बारीक भाग, मळलेली आहेत. ती ज्या दंडगोलावर बसवलेली असतात तो पालमध्ये मिनिटाला १५०० वेळा फिरतो, आणि हेडं इतकी नाजूक असतात की कापसाच्या बोळ्याने खालीवर घासलं तर तुटू शकतात. प्लग काढून, तंतू न सुटणाऱ्या कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, ते दंडगोलाला हलकेच टेकवून स्थिर धरा आणि दंडगोल वरच्या बाजूने हाताने फिरवा. कापड हलवायचं नाही. हाताला खात्री नसेल तर क्लीनिंग कॅसेट वापरा.

मुंग्यांचा पट्टा एकाच कॅसेटवर वरच्या किंवा खालच्या भागात असेल तर व्हीसीआरचं ट्रॅकिंग बटण सावकाश दाबत तो पडद्याबाहेर घालवा. हाय-फाय व्हीसीआरवर आवाजात टरटर येत असेल तर तीही बहुधा ट्रॅकिंगनेच जाते. नाही गेली तर व्हीसीआरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये हाय-फाय बंद करून 'नॉर्मल' घ्या. फितीच्या कडेला वेगळ्याने नोंदलेला साधा आवाज तेव्हा ऐकू येतो. तो बारीक वाटेल, पण शब्द कळतात.

व्हीसीआरच्या मेनूमध्ये निळा पडदा दाखवण्याची सोय असेल तर ती बंद करा. ती चालू असली की फितीतला कमजोर भाग आला रे आला व्हीसीआर निळा पडदा टाकतो आणि डिस्कवर तो निळा पडदाच उतरतो. माणसाचा चेहरा मुंग्यांमधूनही ओळखता येतो, निळ्या पडद्यातून काहीच नाही.

डिस्क आणि रेकॉर्डिंगचा दर्जा

साध्या एकस्तरीय डिस्कची क्षमता ४.७ जीबी असते. त्यावर एक्सपी दर्जात १ तास, एसपीमध्ये २ तास, एलपीमध्ये ४ तास आणि ईपीमध्ये ६ तास बसतात. जुन्या कॅसेटसाठी मी एसपीच सुचवेन. व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेचा तपशील साधारण २४० ओळींइतकाच असतो, त्यामुळे एक्सपीने तपशील वाढत नाही. एलपीही कधी कधी बरा दिसतो, पण फितीवरच्या मुंग्या आणि थरथर हीच कॉम्प्रेशनला सर्वात जड जाणारी गोष्ट आहे आणि कमी दर्जात त्यांचे चौकोन दिसायला लागतात. ईपी टाळाच.

ई-१८० कॅसेट पालच्या साध्या वेगात ३ तास चालते. ती एसपीमध्ये एका डिस्कवर मावत नाही. दोन डिस्क वापरा किंवा रेकॉर्डरला वेळ सांगून दर्जा बसवता येत असेल तर ३ तासांचा पर्याय घ्या. कॅसेटच एलपीवर, म्हणजे फितीच्या अर्ध्या वेगावर, रेकॉर्ड केलेली असेल तर तिचा वेळ दुप्पट होतो, हे आधीच बघा.

हार्ड डिस्क असलेला रेकॉर्डर असेल तर आधी हार्ड डिस्कवर घ्या, सुरुवातीचा आणि शेवटचा रिकामा भाग काढा आणि मग डीव्हीडी बनवा. हार्ड डिस्क नसेल तर पहिल्या प्रयोगासाठी पुसता येणारी डीव्हीडी-आरडब्ल्यू किंवा डीव्हीडी+आरडब्ल्यू वापरा. डीव्हीडी-आरडब्ल्यू घालताना व्हीआर की व्हिडिओ असं विचारलं तर 'व्हिडिओ' निवडा, कारण व्हीआर पद्धतीची डिस्क अनेक साध्या प्लेअरवर चालत नाही.

रेकॉर्डिंग

कॅसेट हव्या त्या जागी आणून थोडी मागे घ्या. आधी व्हीसीआरवर प्ले दाबा, चित्र स्थिर झालं की रेकॉर्डरवर रेकॉर्ड दाबा. सुरुवातीचा थोडा अनावश्यक भाग आला तरी चालेल, पहिला शब्द कापला जाऊ नये. रेकॉर्डिंग चालू असताना इनपुट बदलू नका. कॅसेट संपली तरी रेकॉर्डर स्वतःहून थांबत नाही, म्हणून रेकॉर्डरचा टायमर कॅसेटच्या लांबीपेक्षा थोडा जास्त लावून ठेवा. शक्य तर पूर्ण वेळ जवळ बसा. मधेच ट्रॅकिंग बिघडलं तर तेवढ्यापुरतं नीट करता येतं, आणि कोण कोण दिसतंय, कोणता प्रसंग आहे हे लिहूनही होतं. ही नोंद पुढे डिस्कइतकीच कामाला येते.

चित्राच्या अगदी तळाशी थरथरणारी एक बारीक पट्टी दिसेल. हेडं बदलण्याच्या क्षणाची ती खूण आहे, प्रत्येक व्हीएचएसवर असते. जुने टीव्ही चित्राच्या कडा झाकत असल्याने ती दिसत नसे. त्यासाठी काही करायची गरज नाही. चेहरे आडवे ताणलेले दिसत असतील तर टीव्हीचं प्रमाण ४:३ करा.

फायनलाइज

रेकॉर्डिंग थांबवलं की डिस्क लगेच बाहेर काढू नका. डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर रेकॉर्डरच्या मेनूमधून फायनलाइज केल्याशिवाय दुसऱ्या प्लेअरवर वाचल्या जातीलच असं नाही. याला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात वीज गेली किंवा कोणी प्लग काढला तर डिस्क वाया जाऊ शकते. फायनलाइज केल्यावर डीव्हीडी-आरवर पुढे काही लिहिता येत नाही, म्हणून आधी डिस्क सुरुवात, मध्य आणि शेवट अशी तीन ठिकाणी लावून बघा.

फायनलाइज झालेली डिस्क दुसऱ्या एखाद्या प्लेअरवर चालवून तपासा, आणि मग तिच्यातल्या फाइल संगणकावर आणि आणखी एका हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा. घरी जाळलेल्या डिस्कही कायम टिकत नाहीत. डिस्कवर लिहायला टोकदार पेन वापरू नका, पाण्यावर आधारित मार्करने आतल्या कड्यापाशी लिहा. मूळ कॅसेट टाकून देऊ नका. ती सुरुवातीपर्यंत गुंडाळून, पुस्तकासारखी उभी, ओल आणि ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा, स्पीकरपासून लांब.